निळ्या पडद्याची लग्नसराई

दादरच्या मंडईबाहेर भिंतीला टेकून ऊस उभे राहतात, शेजारी गोणपाटावर आवळे, चिंचा आणि बोरं यांचे वाटे मांडले जातात, आणि आता थंडी पडणार अशी स्वतःची समजूत घालत लोक पहाटे पंखा थोडा कमी करतात. तुळशीच्या लग्नाचे हे दिवस. या दिवसांत कुणाला दिवाळीच्या फराळाचे तळाशी गेलेले डबे आठवत असतील, कुणाला शाळेची संपलेली सुट्टी. मला निळा पडदा आठवतो. संगणकाचा. त्यावरची पांढरी इंग्रजी अक्षरं आठवतात आणि त्यांच्या मागोमाग एका माणसाचा आवाज. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. पण त्याच्याइतका मत्सर मी जन्मात दुसऱ्या कुणाचा केलेला नाही.

त्याचं नाव श्रीकांत. माझ्या बायकोचा, सुषमाचा, पहिला नवरा. आमचं लग्न झालं तेव्हा त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही दोघंही चाळिशी ओलांडलेले. मी परळचा, लोअर परळच्या एका कचेरीत हिशेब तपासणारा, आईच्या दुखण्यात स्वतःच्या लग्नाचं वय मागे टाकून बसलेला. ती गिरगावातली. तिथे एका चाळीच्या तळमजल्यावर तिचा छोटा गाळा होता, लग्नपत्रिका तयार करून देण्याचा. तो श्रीकांतनेच थाटलेला. लग्नानंतर ती परळला माझ्या घरी आली, धंदा मात्र गिरगावातच राहिला. आमची पहिली दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं सुरू झाली. त्या एका लग्नसराईबद्दल मी लिहितो आहे. त्यानंतर कितीतरी आल्या नि गेल्या, पण माझ्या मनात लग्नसराई म्हटली की तीच.

माझी जागा मला भाषेनेच दाखवून दिली होती. सुषमा मला ‘तुम्ही’ म्हणते, ‘अहो’ म्हणते. श्रीकांतबद्दल बोलताना ती ‘तो’ म्हणायची. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, लहानपणापासून अरे-तुरे, मग प्रेम, मग लग्न. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण आपसूक एक पायरी आदराने मागे सरकतो. तिने त्याला तेवढंही दूर केलं नव्हतं. ‘श्रीकांतला ना, कोकम लागायचं जेवणात.’ ‘तो बघ कसा, पाऊस असला तरी छत्री विसरायचा.’ हा ‘बघ’ ती मला म्हणत नसे, मला ‘बघा’. तो ‘बघ’ तिच्या तोंडात त्या जुन्या वाक्यांबरोबर आपोआप यायचा. मी मान डोलवायचो आणि आतल्या आत एकेक क्रियापद मोजून घ्यायचो.

गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढीच जागा. भिंतीभर पत्रिकांचे नमुने टाचलेले. हळदीच्या रंगाचा कागद, शेंदरी कागद, सोनेरी गणपती, कोपऱ्यात मुंडावळ्या. गोंदाचा आणि छापील शाईचा एक गोडसर वास कपड्यांत शिरायचा आणि परळच्या घरापर्यंत यायचा. टेबलावर तो संगणक. मूळचा पांढरा, आता जुन्या दातांसारखा पिवळा पडलेला डबा, समोर पोट सुटलेला मॉनिटर. त्या काळीदेखील असलं यंत्र लोकांनी केव्हाच भंगारात दिलं होतं. पण सुषमाचे सगळे नमुने त्यातल्या जुन्या मराठी अक्षरांत बांधलेले होते. तीच फाइल दुसऱ्या नव्या मशीनवर उघडली की ‘चिरंजीव’च्या जागी चौकोन दिसायचे आणि ‘सौभाग्यकांक्षिणी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. म्हणून ते म्हातारं यंत्र होतं तिथेच.

कचेरीला जाण्याआधी मी सकाळी तिच्याबरोबर गिरगावात जायचो, शटर वर करून द्यायचो, नमुन्यांवरची धूळ झटकायचो. पहिल्याच दिवशी तिने उदबत्ती लावली, संगणकाचं बटण दाबलं, आणि पडदा निळा झाला. पांढरी अक्षरं आली. विंडोज नीट बंद केलेलं नव्हतं, डिस्कमध्ये चुका असू शकतात, तपासणीसाठी कुठलंही बटण दाबा, असं काहीसं. स्कॅनडिस्क म्हणतात त्या दुरुस्तीच्या कार्यक्रमाला. सुषमाने सवयीने एक बटण दाबलं आणि चहा सांगायला बाहेर गेली. एक पिवळी पट्टी हळूहळू भरत राहिली. ती भरून झाली, निळा पडदा गेला, विंडोजचं चित्र आलं, आणि स्पीकरमधून एक पुरुष मोठ्याने म्हणाला,

“आलो गं!”

मी दचकून मागे पाहिलं. शटरमध्ये कुणी नव्हतं.

आवाज किंचित धापा टाकत होता, जिना चढून आल्यासारखा. मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज होता. आणि त्याच्याही मागे, थोडी लांबून, एक बाई हसत होती. खळखळून, दम लागेपर्यंत. ते हसणं ओळखायला मला वेळ लागला, कारण तोवर मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

“श्रीकांतचा चावटपणा,” चहाचे ग्लास घेऊन परतलेली सुषमा म्हणाली. “नवीन माइक आणला होता त्याने. सकाळी मशीन चालू झालं की हे वाजतं. घाबरलात?”

“छे,” मी म्हणालो. “छान आहे.”

मग मला उशीर होत होता म्हणून पिशवी उचलून मी म्हटलं, “येतो.” आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. निघणारा ‘येतो’ म्हणतो आणि मागचं माणूस ‘या’ म्हणतं. माझ्या आईने अंथरुणावरूनही कधी हा ‘ये’ चुकवला नव्हता. सुषमा पडद्याकडे बघत म्हणाली, “हं.” तोपर्यंत घरी परळलाही ‘हं’च म्हणायची, पण तेव्हा ते मला टोचलं नव्हतं. त्या दिवशी गिरगावातून लोअर परळला पोचेपर्यंत मी एकच विचार करत होतो. नुसता आवाज उरलेल्या माणसाने चालत्या-बोलत्या माणसाला मागे टाकणं, हे कुठल्या न्यायात बसतं?

मग मी ठरवलं, हा संगणक मी दुरुस्त करायचा. सुषमाला सांगितलं की ऐन सराईत रोज सकाळी इतका वेळ मोडतो, ते बरं नाही. खरं कारण वेगळं होतं. त्या गाळ्यात सगळं श्रीकांतने केलेलं होतं. विजेच्या बटणांच्या पाट्या त्याच्या, खणांवरची अक्षरं त्याची. काहीतरी एक माझ्या हाताने नीट व्हावं, असं मला वाटत होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटलो की मी गाळ्यात जाऊन बसायचो. सुषमाला समोर गिऱ्हाईक असायचं. “काकांचं नाव आधी येऊ दे हो, नाहीतर ते लग्नालाच यायचे नाहीत,” असं कुणीतरी म्हणत असायचं आणि सुषमा म्हणायची, “काका कुठले? मुलीकडचे की मुलाकडचे? रुसायचा मान कुणाला जास्त, तेवढं सांगा, त्याप्रमाणे लावते.” गिऱ्हाइकं गेली की खुर्ची माझी. डिस्कवरचा विस्कटलेला मजकूर ओळीत लावणारा डीफ्रॅग नावाचा कार्यक्रम मी सुरू करायचो. तो म्हणायचा, या डिस्कमध्ये चुका आहेत, आधी स्कॅनडिस्क चालवा. स्कॅनडिस्क चालवलं की ते अर्ध्यावर जाऊन म्हणायचं, डिस्कवरचा मजकूर मध्येच बदलला, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिल्यापासून चालायचं, पुन्हा बदलायचा. शेवटी कंटाळून तेच सांगायचं की दुसरं काहीतरी चालू आहे, ते आधी थांबवा. हे त्याच्याकडे बोट दाखवणार, ते ह्याच्याकडे. मी ते छोटे रंगीत चौकोन सरकताना बघत बसायचो. कुणीतरी एकेक करून घर आवरतं आहे आणि दुसरं कुणीतरी त्याच्या पाठीमागे पसारा करतं आहे, असं ते दिसायचं.

तो पसारा करणारा कोण, ते शोधताना सापडला स्क्रीनसेव्हर. संगणक जरा रिकामा राहिला की काळ्या पडद्यावरून अक्षरं सरकायची, “पत्रिका वेळेवर, लग्न मुहूर्तावर.” तीही श्रीकांतची. ती अक्षरं सुरू झाली की तपासणी मोडायची. मी ती बंद केली. बटण दाबताना मला झालेलं समाधान त्या कामाच्या मानाने फार मोठं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

संध्याकाळी सुषमा म्हणाली, “आमची पाटी कुठे गेली हो?”

“तिच्यामुळे तपासणी पुढे सरकत नव्हती.”

“असं होय,” म्हणाली आणि पत्रिकेत नाक घालून बसली. पत्रिकेची पहिली ओळ नेहमीचीच, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. त्या सराईत मला तो ‘श्री’सुद्धा खुपायचा.

पाटी बंद करूनही रोजचा निळा पडदा चुकला नाही. मग मी वाचून वाचून सेफ मोड शिकलो. संगणक सुरू होताना एक बटण धरून ठेवायचं, म्हणजे तो अगदी गरजेपुरताच जागा होतो. रंग थोडे, अक्षरं मोठी, कोपऱ्यात ‘सेफ मोड’ लिहिलेलं. दुरुस्तीला हाच चांगला, कारण मध्ये कुणी लुडबुड करत नाही. पण त्याचा दुसरा गुण मला पहिल्याच सकाळी कळला. सेफ मोडमध्ये आवाज नसतो. पडदा उजळला, चित्र आलं, आणि श्रीकांत आला नाही. गाळ्यात फक्त आम्ही दोघं होतो आणि उदबत्तीचा धूर. त्या आठवड्यात मी दुरुस्तीसाठी लागत होता त्यापेक्षा जास्त वेळा तो संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला.

मेलेल्या माणसाचा मत्सर हा फार एकटेपणाचा उद्योग आहे. जिवंत माणसाचा मत्सर करताना निदान त्याची एखादी चूक पकडण्याची आशा असते. श्रीकांतकडून काहीच चुकत नव्हतं. तो घोरत नव्हता, त्याचे केस गळत नव्हते, पंचेचाळिशीनंतर येणारा चिडकेपणा त्याच्या वाट्याला आला नव्हता. छत्री विसरणं हासुद्धा त्याचा गुण झाला होता. मी छत्री विसरलो की सुषमा म्हणायची, “सर्दी होईल तुम्हाला.” आणि मी चाळीच्या अंगणात उभा राहून विचार करायचो, त्याला सर्दी होत नव्हती का?

शेवटी मी बॉस्कोला बोलावलं. बॉस्को माझगावचा, माझ्या कचेरीतला जुना दोस्त. घरी जुने संगणक उघडून बसायचा नाद. एका शनिवारी तो जेवून, मासळीचा वास हाताला घेऊनच आला. डबा उघडून त्याने आत फुंकर मारली, डिस्कला कान लावला, आणि स्कॅनडिस्कची ती सावकाश तपासणी लावली, जी डिस्कचा एकेक तुकडा चाचपून बघते. पडद्यावर ठिपके भरत गेले आणि मध्येमध्ये इंग्रजी ‘बी’ उमटू लागले. बी म्हणजे बाद.

“अरे, हे म्हातारं आहे, पण आजारी नव्हतं,” बॉस्को म्हणाला. “याचा कोणतरी रोज गळा दाबतोय.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे चालू असताना लाइट जातेय याची. रोजच्या रोज. कोण खेचतो वायर?”

सुषमा नमुने लावत होती. ती वळली. “मी. संध्याकाळी दुकान वाढवताना मेन स्विच खाली करते. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच.”

“वहिनी, दुकान वाढवा, माझी आईपण वाढवायची,” बॉस्को हसत म्हणाला. “पण त्याच्या आधी याला झोपवा ना! शट डाऊन करायचं, मग स्विच.”

“शट डाऊन लिहिलंय त्यावर. लग्नाच्या पत्रिका करतो आम्ही. तिन्हीसांजेला दुकानात बंद-बिंद म्हणायचं नाही आणि दाबायचंही नाही.”

“घ्या! मग वर कागद चिकटवा, ‘वाढवा’ लिहून.”

तिला हसू आलं. तिने खरंच शेंदरी कागदाच्या कपट्यावर सुबक अक्षरांत ‘वाढवा’ लिहिलं आणि मॉनिटरच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, त्या बटणाच्या जागी चिकटवलं. मला वाटलं, संपलं. चूक सापडली. किती आपल्या लोकांची चूक, असंही वाटून गेलं. विजेला काय कळणार आपण अशुभ शब्द टाळतो ते?

जाताना बॉस्को मला बाहेर घेऊन गेला. “डिस्क वाचणार नाही रे. आज ना उद्या बसेल. दुसरी मी आणतो, तू फक्त सांग. पण सगळं त्याच्यावर घेऊन ठेव लवकर. एकदा बसली ना, मग काहीपण मिळणार नाही.”

“सांगतो,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी बटण दाबलं. निळा पडदा. मंगळवारी निळा पडदा. त्या शेंदरी कपट्याखाली रोज संध्याकाळी काहीतरी घडत होतं, किंवा घडत नव्हतं. कचेरीतून सुटून मी गाळ्यात यायचो, पण संध्याकाळी वाढवायच्या वेळी सुषमा मला नेहमी पुढे पाठवायची, कोपऱ्यावरून भाजी घ्या, मी आलेच. मी विचारलं, तर म्हणाली, “विसरले हो.” सुषमा गिऱ्हाइकाच्या आत्याच्या सासूचं नावसुद्धा विसरत नाही.

आणि मी बॉस्कोचं बोलणं तिला सांगितलं नाही. कचेरीत काम आहे, मार्गशीर्षाची गर्दी आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. मला नेमकं काय हवं होतं ते लिहायला आजही हात जड होतो. एका सकाळी निळा पडदा यावा, पट्टी अर्ध्यावर अडकावी, आणि पुढे काहीच येऊ नये. तिचे नमुने जातील, ऐन सराईत तिची पंचाईत होईल, ते मला दिसत होतं. तरी त्या ‘आलो गं’च्या बदल्यात ते मला फार महाग वाटत नव्हतं. ते स्कॅनडिस्क रोज हरवलेले तुकडे गोळा करून एका फाइलीत घालून ठेवायचं. मी एकदा ती फाइल उघडून पाहिली. आत अक्षरांचा चुरा होता, मध्येच ‘शुभ’ असं काहीतरी. मला वाटलं, तिच्या आयुष्यात मी असाच कुठल्यातरी मोडक्या वाक्याच्या मध्ये येऊन बसलो आहे. आधीचा मजकूर लावून झालेला असतो, मग मी काहीतरी लिहितो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सुषमा समोरच्या इमारतीत एका वयस्कर बाईंना प्रूफ दाखवायला गेली. बाईंना जिना उतरवत नव्हता. फोन आला, “मला वेळ लागेल. तुम्ही सगळं आवरून शटर अर्धं ओढून ठेवा, मी येते मग.” मी नमुने आत घेतले, पंखा थांबवला. आणि नीटनेटकेपणाने, माउसचा बाण त्या ‘वाढवा’ कपट्याखाली नेऊन, संगणक बंद करायला सांगितला.

एक क्षण काही झालं नाही. मग स्पीकरमधून तोच आवाज आला. या वेळी धाप नव्हती. निवांत, जवळचा, जरासा लाडात.

“चल, येतो गं.”

“ये.”

हे दुसरं अक्षर संगणकातलं नव्हतं. मी वळलो. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून सुषमा आत आली होती आणि तशीच, अर्धी वाकलेली, थांबली होती. पडदा काळा झाला. त्यावर नारिंगी अक्षरं उमटली. आता संगणक बंद करायला हरकत नाही, असं सांगणारी. त्या गाळ्यात मी ती पहिल्यांदा पाहत होतो.

सुषमा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. हातातलं प्रूफ तिने मांडीवर ठेवलं. ती त्या नारिंगी अक्षरांकडे बघत होती.

“दादरला प्रूफ दाखवायला निघाला होता,” ती म्हणाली. “तिथेच उभा होता, शटरशी. अगदी असंच, येतो गं म्हणाला. कुणाच्यातरी काकांचं नाव राहिलं होतं, ते मी घालत होते. मान वर न करता ‘ये’ म्हटलं. दादरला त्या गिऱ्हाइकाच्या जिन्यातच त्याला कळ आली.”

मी माउसवरचा हात काढून घेतला.

“सकाळी हे म्हणतं ‘आलो’, ते मला चालतं. म्हणू दे. पण संध्याकाळी ते ‘येतो’ ऐकायचं नाही. म्हणून मी मेन स्विचच ओढते. म्हणजे आला आहे, निघालेला नाही, एवढ्यावर थांबतं ते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण हात तिकडेच जातो.” मग प्रूफची घडी घालत ती म्हणाली, “तेव्हापासून तो शब्द मी कुणालाच म्हणत नाही.”

“म्हणून मला…”

“तुम्हाला तर नाहीच.”

इतक्या दिवसांचा माझा हिशेब त्या तीन शब्दांत उलटा झाला. ज्या ‘हं’ला मी माझं न्यून समजत होतो, त्या ‘हं’मागे ती दात आवळून उभी राहत होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याच क्षणी, त्या बरं वाटण्याच्या शेजारीच, मला हेही जाणवलं की तो ‘ये’ किती चटकन, किती बिनविचार, तिच्या तोंडून गेला होता. माझ्यासाठी तिने शब्द अडवून धरला होता. त्याच्यासाठी तो अडवता आला नव्हता.

मी तिला बॉस्कोने सांगितलेलं सांगितलं. डिस्क जाणार आहे, रोज अशी वीज खेचल्याने जाणार आहे, आणि हे मला केव्हाचं माहीत आहे.

“मग बोलला का नाहीत?”

“वेळ झाला नाही.” मग म्हटलं, “खोटं बोललो. मला वाटलं, गेली तर जाऊ दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल अशी माझी तयारी होती.

“कळत होतं मला,” ती म्हणाली. “सेफ मोड, सेफ मोड करत होतात तेव्हाच. तुम्हाला माहीत नसेल, त्याचा आवाज आला नाही ना की तुम्ही शीळ घालता.”

मी शीळ घालतो, हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

“हे आवाज काढता येतात,” मी म्हणालो. “दोन मिनिटांचं काम आहे. किंवा दोन्ही नव्या डिस्कवर घेता येतात. तू म्हणशील तसं.” आणि ‘दोन्ही’ म्हणताना माझा आवाज नीट राहिला, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून मेन स्विच खाली केला, तिने शटरला नमस्कार केला, आणि भाजी घ्यायला मला पुढे न पाठवता ती बरोबर चालत आली. शनिवारी बॉस्को नवी डिस्क घेऊन आला. नमुने, अक्षरं, गणपती, मुंडावळ्या, सगळं एकेक करून पलीकडे जाऊ लागलं. मध्येच डिस्कमधून कट-कट आवाज यायचा आणि बॉस्को छातीवर क्रूसाची खूण करायचा. ते बघून सुषमाही हात जोडायची.

“आवाजांचं काय करू, वहिनी?” त्याने विचारलं. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

“‘येतो’ राहू दे,” सुषमा म्हणाली. “‘आलो’ नको आता.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “उलट ना?”

“नाही. तो येत नाही, मला माहीत आहे. रोज सकाळी त्याच्याकडून खोटं कशाला बोलवून घ्यायचं? जाताना नीट सांगून जाऊ दे.”

बॉस्कोने माझ्याकडे पाहिलं. मी त्या ‘आलो गं’च्या मागच्या हसण्याचा विचार करत होतो. तेही आता जुन्या डिस्कबरोबर राहणार होतं. म्हटलं, “त्यात तू हसतेस.”

“हो,” ती म्हणाली. “फार हसले होते त्या दिवशी.” जुनी डिस्क तिने हळदीच्या रंगाच्या कागदात गुंडाळून परळच्या कपाटात ठेवली. अजून तिथे आहे. त्यातून काही निघेल असं बॉस्कोला वाटत नाही. मी कधीकधी ते कपाट उघडतो तेव्हा ती पुडी हलकेच बाजूला करून मागचा टॉवेल घेतो.

सोमवारी सकाळी निळा पडदा आला नाही. संगणक मुकाट सुरू झाला. संध्याकाळी तिने ‘वाढवा’वर बाण नेला, श्रीकांत म्हणाला, “चल, येतो गं,” आणि ती हात जोडून उभी राहिली. ओठ हलले नाहीत. मग नारिंगी अक्षरं, मग मेन स्विच. पुढच्या काही सराई हे असंच चाललं. मला वाटलं होतं, सकाळचा आवाज गेला की माझं दुखणं जाईल. ते गेलं नाही. फक्त सकाळचं संध्याकाळी झालं. तो रोज निरोप घेत होता, तिच्यापाशी, माझ्यादेखत, आणि मला त्या निरोपाचाही हेवा वाटत होता. असा निरोप मला कुठे मिळणार आहे? मी गेलो की माझा आवाज कशात ठेवलेला असेल? आणि हे मनात आलं की मलाच माझी लाज वाटायची. जो माणूस प्रूफ घेऊन गेला आणि पुन्हा कधी आला नाही, त्याच्यावर जळणारा मी रोज संध्याकाळी त्याच्या बायकोच्या हातचं गरम जेवत होतो.

पुढे पत्रिकांची नवी अक्षरं आली, ती कुठल्याही मशीनवर नीट दिसू लागली. सुषमाने हळूहळू सगळे नमुने पुन्हा बांधले. म्हातारा संगणक गाळ्याच्या माळ्यावर गेला. आता लॅपटॉप आहे. तो उघडतानाही काही बोलत नाही आणि मिटतानाही. पण सुषमा अजून दिवेलागणीला म्हणते, “चला, वाढवू या,” आणि त्याचं झाकण लावते. मी सकाळी ‘येतो’ म्हणतो, ती ‘हं’ म्हणते. फक्त आताशा ती हातातलं काम ठेवून परळच्या आमच्या गॅलरीत येते आणि मी कोपरा वळेपर्यंत कठड्याला धरून उभी राहते. मी वळून पाहतो. वय झालं माझं, तरी मला तो एक शब्द हवा आहे, हे काही सुटत नाही.

परवा तुळशीचं लग्न होतं. दादरहून ऊस घेऊन आलो. कांड्या दाराच्या चौकटीत अडकत होत्या, आवळ्यांची पिशवी एका बोटाला लटकत होती, जिना चढून धाप लागली होती. दारातूनच ओरडलो, “आलो गं!”

ओरडल्यावर माझं मला ऐकू आलं. तीच धाप, तोच सूर, पिशवी खाली टेकल्याचा आवाजसुद्धा तोच. हे मी केव्हापासून म्हणायला लागलो, कुणाकडून उचललं, ते मला त्या क्षणी कळलं आणि मी चपला काढता काढता थांबलो.

आत भांड्यांचा आवाज होत होता. तोही थांबला.

“आलास?” सुषमा आतून म्हणाली.

आमच्या लग्नानंतर तिने मला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं. मला की आणखी कुणाला, ते त्या दोन खोल्यांच्या अंतरातून कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन तिचा चेहरा पाहिला असता तर कदाचित कळलं असतं. तिलाही ते ऐकू आलं असावं, कारण भांडी पुन्हा वाजायला वेळ लागला. खांद्यावरचा ऊस रुतत होता.

मी तिथूनच म्हटलं, “हो. आलो.”